घरापुढील जपानी वाफ्याची पुनर्लागवड

शेतकऱ्याच्या घरापुढें शोभेचा वाफा असावा कीं नसावा, हा प्रश्न बीड जिल्ह्यांत तरी केवळ आवडीनिवडीचा नाहीं. तो पाण्याचा आहे. ज्या गांवीं चैत्र लागला कीं टँकरची वाट पाहावी लागते, त्या गांवीं फुलझाडांस घागरभर पाणी घालणाऱ्या माणसाकडे शेजारी कोणत्या दृष्टीनें पाहतात, हें वाचकांस सांगावयास नको. असें असतांही अलीकडे तालुक्याच्या गांवीं व शेतावरील नव्या घरांपुढें जपानी पद्धतीचे वाफे दिसूं लागले आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे तीन-चार वर्षांतच उजाड होतात. असाच एक वाफा बालाघाटाच्या माथ्यावरील आमच्या घरापुढें होता. तो उपसून पुन्हां लावण्याचें काम मला करावें लागलें. त्यांत जें शिकावयास मिळालें, तें येथें देत आहें.

ह्या आवडीचा उगम आपल्याकडे बहुधा पुण्यांत आहे. तेथें सिंहगड रस्त्यावर महानगरपालिकेचें पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानांतील ओकायामा शहर व पुणें ह्यांच्या स्नेहाची खूण म्हणून, ओकायामा येथील कोराकुएन नांवाच्या जुन्या बागेच्या धर्तीवर तें सुमारें दहा एकरांत रचलेलें असून कालव्याचें पाणी त्यांतून खेळविलें आहे. आपल्याकडील माणसें पुण्यास गेलीं म्हणजे तें पाहून येतात, आणि असाच एक तुकडा आपल्या दारीं असावा, असा विचार मनांत घेऊन परततात. माझे वडील असेच परतले.

मूळ कोराकुएन बाग ओकायामाचे अधिपति इकेदा त्सुनामासा यांनीं इ. स. १६८७ मध्यें करावयास घेतली व ती १७०० मध्यें पुरी झाली. अधिपतीची बाग असूनही तींत भाताचें खाचर आहे व चहाचा मळा आहे. शेती ही शोभेच्या आड येते असें त्या लोकांस वाटलें नाहीं. १९३४ च्या महापुरानें व १९४५ च्या बाँबहल्ल्यानें ह्या बागेची मोठी हानि झाली. पुढें जुन्या चित्रांच्या व नकाशांच्या आधारें ती पुन्हां उभी करण्यांत आली. तेव्हां वाफा मोडला म्हणून कोणी खंत करूं नये. पुन्हां लावतांना चित्र कोणतें समोर ठेवावयाचें, एवढाच प्रश्न असतो, आणि आम्हीं प्रथम जें चित्र समोर ठेविलें होतें तें चुकीचें होतें.

वडिलांनीं २०१३ च्या अखेरीस घरापुढें वीस फूट लांब व आठ फूट रुंद असा वाफा आंखला. शहरांतील एका रोपवाटिकेनें त्यांस अझेलियाचीं सहा झुडपें, मेपलचें एक रोप, जुनिपर, बांबू, कामिनी व मऊ हिरवळीचे गादीसारखे तुकडे दिले. जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद पसरून त्यावर पांढरी संगमरवरी खडी अंथरली. त्यांत वडिलांनीं आपल्या हातानें चाफ्याची एक फांदी रोविली. पहिला हिवाळा वाफा फार सुरेख दिसला. एप्रिलांत मेपलच्या पानांच्या कडा जळाल्या. अझेलियाचीं पानें पिवळीं पडलीं, मात्र त्यांच्या शिरा हिरव्याच राहिल्या. वडिलांस वाटलें कीं पाणी कमी पडतें. म्हणून पाणी वाढविलें. रोज दहा-बारा बादल्या पाणी त्या वाफ्यांत जाऊं लागलें, आणि झाडें अधिकच पिवळीं झालीं.

पुढें २०१६ चा उन्हाळा आला. आपल्याच जिल्ह्यांतील धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें व लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तें हें साल. आमच्या विहिरीचा तळ दिसूं लागला. घरांत पिण्याचें पाणी तांब्यानें मोजण्याची वेळ आली, तेव्हां वाफ्याचें पाणी वडिलांनीं स्वतःच बंद केलें. सकाळीं उठल्यावर ते थोडा वेळ वाफ्यापुढें उभे राहत व कांहीं न बोलतां आंत जात. पावसाळा आला तेव्हां चाफा, कामिनी आणि बांबू एवढींच लावलेलीं झाडें जिवंत होतीं. त्यांशिवाय दोन दगडांच्या फटींत सीताफळाचें एक रोप हातभर वाढलेलें दिसलें. तें कोणीं लावलें नव्हतें. कोणी तरी फळ खाऊन बी टाकली असावी.

वडील गेल्यानंतर वाफ्याकडे कोणी पाहिलें नाहीं. बांबूचें बेट अर्ध्या वाफ्यांत पसरलें व बाकीच्या जागेंत हरळी माजली. एके दिवशीं आई म्हणाली, “तुझ्या दादांचा वाफा आहे. मोडूं नकोस, पण असाही ठेवूं नकोस.” तेव्हांपासून ह्या कामास आरंभ झाला.

प्रथम पहिली लागवड कां मेली, तें पाहूं. अझेलिया, कॅमेलिया व ह्या जातीचीं दुसरीं झाडें आम्ल जमिनींत वाढणारीं आहेत. जमिनीचा सामू साडेचार ते साडेपांच असेल तर अझेलिया सुखानें राहतो. आपल्या जिल्ह्यांतील जमिनींचा सामू बहुधा साडेसातपासून साडेआठपर्यंत असतो व तींत चुनखडी असते. अशा जमिनींत लोह असूनही मुळांस तें घेतां येत नाहीं. पान पिवळें व शिरा हिरव्या, हें त्याच उपासमारीचें चिन्ह होय. मोसंबीच्या बागाइतदारांस तें चांगलें ओळखीचें आहे. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें रोग वाढतो, कमी होत नाहीं. आणि संगमरवरी खडी म्हणजे तर शुद्ध चुनाच. आम्हीं आजाऱ्यास औषध म्हणून रोगच पाजीत होतों.

येथें एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आपला काळा पाषाण हा ज्वालामुखीच्या रसाचा झालेला आहे, आणि जपान हाही ज्वालामुखींचाच देश. मग एके ठिकाणची माती आंबट व दुसऱ्या ठिकाणची चुन्याची कां? उत्तर पावसांत आहे. आपल्याकडे वर्षास सरासरी सव्वीस-सत्तावीस इंच पाऊस पडतो व तोही चार महिन्यांत. ओकायामा जपानांतील कोरड्या भागांत गणलें जातें, तरी तेथें पंचेचाळीस इंच पडतो. क्योतो येथें साठ इंच, आणि तो वर्षभर विभागलेला. पुष्कळ पावसानें मातींतील चुना धुपून जातो. थोड्या पावसानें तो तेथेंच सांचतो. दूर जावयास नको. कोंकणांतील तांबडी आंबट माती पुष्कळ ठिकाणीं ह्याच काळ्या पाषाणाची झालेली आहे. दगड एकच, पाऊस निराळा, म्हणून माती निराळी. अझेलियासाठीं गंधक व पालापाचोळा घालून माती बदलतां येते असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. तें कुंडीपुरतें खरें आहे. चुनखडीच्या जमिनींत मोकळ्या वाफ्यास हा उपाय करणें म्हणजे गळक्या रांजणांत पाणी भरणें होय.

तथापि जपानी बाग म्हणजे जपानी झाडें नव्हेत. त्या लोकांनीं पाण्यावांचून बाग करण्याचीही एक रीत फार पूर्वींच बसविली आहे. तिला ‘कारेसान्सुइ’ म्हणतात. म्हणजे कोरडे डोंगर व कोरडें पाणी. क्योतो येथील र्योआन-जी मठाच्या अंगणांत पांढरी बारीक खडी व तींत पंधरा दगड आहेत. झाड एकही नाहीं, दगडांच्या पायथ्याशीं शेवाळ आहे तेवढेंच. साठ इंच पावसाच्या गांवीं त्यांनीं हें आवडीनें केलें. आपल्यास तें गरजेनें करावयाचें आहे, एवढाच भेद. पुण्याच्या उद्यानांतील वाहतें पाणी पाहून त्याची नक्कल करावयास निघालों, ही आमची चूक झाली. दगड थोडे व भक्कम, झाडें मोजकीं व ओळखीचीं, आणि मोकळी जागा भरपूर, हें मनांत धरून मीं नवा वाफा आंखला.

आतां कामाचा क्रम. जें झाड हलवावयाचें असेल त्याची तयारी निदान दहा महिने आधीं केली पाहिजे. आमची कामिनी बांबूच्या सावलींत अडकली होती. तिला चार फूट बाजूस न्यावयाचें होतें. जपानी माळी मोठें झाड एकदम उपटीत नाहींत. ते आधीं त्याच्या मुळांभोंवतीं खणतात. ह्या कृतीस ‘नेमावाशी’ म्हणतात, आणि तेथील व्यवहारांत हाच शब्द, एखादें काम सभेपुढें आणण्यापूर्वीं सर्वांशीं आधीं बोलून ठेवण्यासही लावतात. आपल्या सोसायटीच्या सभासदांस हा अर्थ समजावून सांगण्याचें कारण नाहीं. कृति अशी: खोडाच्या जाडीच्या चार-पांच पट व्यासाचें वर्तुळ झाडाभोंवतीं आंखावें. श्रावणांत त्या वर्तुळाच्या अर्ध्या भागावर वीतभर रुंद व सव्वा ते दीड फूट खोल चर खणून आडवीं आलेलीं मुळें धारदार कोयत्यानें साफ तोडावीं. फावड्यानें चेचूं नयेत. चेचलेलें मूळ कुजतें. चरांत माती व कुजलेलें शेणखत मिसळून भरावें. उरलेला अर्धा भाग सहा-सात आठवड्यांनीं, परतीच्या पावसांत, तसाच करावा. तोडलेल्या टोकांपासून केंसासारखीं बारीक मुळें फुटतात व तीं गड्ड्याच्या आंतच राहतात. पुढील पावसाळ्यांत गड्डा ओल्या पोत्यानें व सुतळीनें आंवळून उचलला, म्हणजे झाडास आपली जागा बदलली हें कळतही नाहीं. २०२२ च्या श्रावणांत मीं हें केलें व पुढील आषाढांत कामिनी हलविली. तिचें एकही पान गळलें नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. परंतु भाद्रपदांत ती फुलली.

सीताफळ मात्र हलवूं नये. बीपासून उगवलेलें झाड दगडांच्या फटींत कोठवर मूळ सोडून बसलें असेल, तें सांगतां येत नाहीं. म्हणून सारा वाफा त्याच्या भोंवतीं रचावयाचें मीं ठरविलें. ज्या जागीं वडिलांनीं मेपल लावला होता त्याच्या हातभर अंतरावरच तें उगवलें होतें. माघ-फाल्गुनांत त्याची पानें पिवळीं होऊन गळतात व ऐन उन्हाळ्यांत तें उघडें राहतें. त्यामुळें पाणी जवळजवळ लागत नाहीं. उघड्या फांद्यांचा घाट दिसावा म्हणून तर जपानी लोक मेपल लावतात! गुरें व शेळ्या ह्या झाडास तोंड लावीत नाहींत, हा आणखी एक लाभ. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ज्या सालीं आमचा वाफा वाळला त्याच सालीं तें मिळावें, हा योगायोग मला नंतर ध्यानांत आला.

वैशाखांत सर्व वाफा उपसावा. बांबूचें बेट पहार व कुऱ्हाडीनें तुकडे करून काढावें लागलें. त्यास दोन माणसांचे तीन दिवस गेले. बांबूची हौस असेल तर तो वाफ्यांत न लावतां बांधावर लावावा. प्लॅस्टिकचा कागद काढला तेव्हां त्याखालीं जमीन पावसाळ्यांतही कोरडी राहत असे, हें दिसून आलें. पाणी सारें कागदावरून घराच्या भिंतीकडे जात होतें. असा कागद कोणीं सांगितला तरी घालूं नये. एक फूट खोल खणून ढेकळें महिनाभर उन्हांत तापूं द्यावीं. हरळीच्या काड्या अशानें वाळतात. लव्हाळ्याच्या गांठी खोल असतात; त्या दर पंधरा दिवसांनीं वेंचल्यावांचून जात नाहींत, आणि वेंचूनही सर्व जातात असें नाहीं.

दगडांविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण आपल्याकडे हेंच काम चुकतें. दगड विकत आणूं नयेत. प्रत्येकाच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या वेंचून टाकलेले काळे दगड पडलेले असतात. त्यांतून तीन निवडावे. एक उभा, एक बसका, एक आडवा, असे असले म्हणजे पुरे. जपानी रीतीप्रमाणें दगडाचा तिसरा हिस्सा तरी जमिनींत गाडावा लागतो; तो ठेवलेला न दिसतां जमिनींतून वर आलेला दिसला पाहिजे. परंतु काळ्या मातींत एवढ्यानें भागत नाहीं. ही माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तींत बसविलेला दगड दोन वर्षांत कलतो. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खणावें व दगड मुरमावर टेकवावा. आमच्याकडे दीड फुटावर मुरूम लागला. गोदाकांठच्या गेवराई-माजलगांवाकडील भारी जमिनींत तो लागणारच नाहीं. तेथें अडीच फुटांचा खड्डा घेऊन तळाशीं फूटभर मुरूम ठोकून भरावा. बाजूनेंही मुरूमच भरून पहारीच्या बोथट टोकानें ठोकावा, माती भरूं नये. आमचे दगड बसविण्यास दगडकामांत आयुष्य घालविलेले गांवांतील एक वृद्ध गृहस्थ आले होते. मीं दगड हवा तसा उभा करावयास सांगितला. त्यांनीं दोनदां फिरवून पाहिला व म्हणाले, “तात्या, ह्याचें तोंड इकडे न्हाई. तुम्ही म्हणाल तसा बसवितों, पण तो बसणार न्हाई.” आम्हीं त्यांच्या मनासारखा बसविला. जपानांत अकराव्या शतकांतील ‘साकुतेइकी’ हा बागेवरील ग्रंथ दगडांच्या रचनेवरच भर देतो. त्या ग्रंथाचें नांवही न ऐकलेल्या ह्या गृहस्थांस त्यांतील मर्म ठाऊक होतें.

मातीची मशागत साधीच आहे. जेथें झाडें येणार तेथेंच दोन इंच जाडीचें, पूर्ण कुजलेलें शेणखत पसरून वीतभर खोल मिसळावें. आमच्या वाफ्यास अर्धी गाडी पुरलें. चिकण माती मोकळी व्हावी म्हणून कांहीं लोक थोडी वाळू मिसळतात. त्यानें माती विटेसारखी घट्ट होते. त्यापेक्षां झाडांची जागा आजूबाजूहून आठ-दहा इंच उंच करावी, म्हणजे भाद्रपदांतील झडींत मुळांशीं पाणी थांबत नाहीं.

लागवड मृगांत करूं नये. एक तर तेव्हां पेरणीची धांदल असते, आणि पेरणी सोडून वाफ्याशीं बसलेल्या शेतकऱ्याची बाजू मी घेणार नाहीं. दुसरें असें कीं मृगाच्या पावसानें वरची दोन बोटेंच भिजतात. आर्द्रा किंवा पुनर्वसु नक्षत्रांत फूटभर ओल गेल्याची खात्री करून मग हात घालावा.

अझेलियाच्या जागीं मीं करवंद लावली. जपानांत अझेलियाचीं झुडपें कातरून त्यांचे गोल उंचवटे करतात, जणूं लहान टेकड्याच. करवंदीचें पान लहान, दाट व बारा महिने हिरवें, कातर सोसते, चुनखडीस भीत नाहीं, आणि उन्हाळ्यांत पांढऱ्या फुलांचा वास अंगणभर येतो. सहा अझेलियांऐवजीं तीनच झुडपें घेतलीं व त्यांत चार-चार फूट अंतर ठेविलें. दोन वर्षें वाफा उघडा दिसतो, पाहुणे विचारतात, “अजून लावावयाचें आहे काय?” तो मोह आवरावा. पहिल्या वाफ्यांत आम्हीं तोच आवरला नव्हता. करवंदीची कातरणी फळें काढून झाल्यावर, पावसाच्या तोंडीं करावी. हिवाळ्यांत केल्यास फुलें हातचीं जातात. एका कोपऱ्यांत वाळ्याचे दोन ठोंब लावले. गवताची डौलदार झुलणी त्यांनीं साधते, आणि दोन-तीन वर्षांनीं ठोंब फोडून पुन्हां लावतांना निघालेलीं मुळें माठांत टाकावयास होतात. चाफा होता तेथेंच ठेविला. रचनेच्या दृष्टीनें तो फूटभर डावीकडे हवा होता, हें मलाही दिसतें.

मोकळ्या जागेवर चाळलेला बारीक मुरूम तीन इंच अंथरला. पांढऱ्या खडीसारखा तो उन्हांत डोळ्यांस टोंचत नाहीं, आणि खालची ओल धरून ठेवितो. पाण्यासाठीं प्रत्येक झुडपाजवळ बुडाशीं बारीक भोंक पाडून त्यांत सुती चिंधीची वात घातलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरलें व वर झांकण ठेविलें. पहिल्या उन्हाळ्यांत आठवड्यांतून दोनदां, दुसऱ्यांत एकदां मडकीं भरलीं. सर्व मिळून दोन बादल्या लागत. तांदूळ-डाळी व भाजी धुतलेलें पाणी ह्या कामीं चालतें. साबणाचें पाणी मात्र घालूं नये. त्यांतील सोडा आपल्या जमिनीस आधींच जास्त आहे.

शेवाळाची आशा मीं सोडली होती. परंतु दुसऱ्या पावसाळ्यांत उभ्या दगडाच्या उत्तर बाजूस तें आपोआप आलें. कार्तिकांत वाळून काळें पडलें. तें खरवडूं दिलें नाहीं. आषाढांत पाऊस लागतांच दोन दिवसांत तें पुन्हां हिरवें झालें. शेवाळ वाळतें, पण मरत नाहीं. चार महिने हिरवें व आठ महिने काळें, असें तें आमच्याकडे राहील. आई संध्याकाळीं त्या बाजूस खुर्ची टाकून बसते.

एक चूक मात्र राहून गेली आहे. आडव्या दगडाखालीं मुरूम लागण्यापूर्वींच, अंधार पडला म्हणून, मीं खणणें थांबविलें होतें. गेल्या पावसाळ्यांत तो दगड चार बोटें कलला. येत्या वैशाखांत तो उचलून, खाली आणखी खणून, पुन्हां बसवावयाचा आहे. त्या गृहस्थांस तसें सांगून ठेविलें आहे.